आधी ठिणगी, मग पेट्रोल

३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी उरली नाही. शेवटची गाडी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती, आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांचेच आयुष्य दिलेले आहे. निरोपाच्या लेखांत तिचा रंग आला, टपावरचा कॅरिअर आला, सिनेमातली गाणी आली. पण त्या गाडीबरोबर गाडी चालवणाऱ्याच्या हातातली एक विद्याही गेली, आणि तिचा इतिहास गाडीपेक्षा बराच जुना आहे.

सकाळी गाडी सुरू झाली नाही, किंवा चढावर धक्के देत ‘मिसिंग’ करू लागली, तर बॉनेट उघडून दोष स्वतः शोधायचा, ही ती विद्या. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, टॅक्सीवाला, कापडाचा व्यापारी, ज्याच्याकडे गाडी होती त्या प्रत्येकाला ती थोडीफार यायची, कारण यावीच लागायची. तिचा क्रम पक्का होता. पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: नेमक्या क्षणी ठिणगी, हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल आणि सिलिंडरमध्ये दाब. ठिणगी तपासायला मिनिटभर पुरते म्हणून ती आधी. पेट्रोलसाठी नळ्या सोडवाव्या लागतात म्हणून ते नंतर. दाब गेला असेल तर अंगणात काही होण्यासारखे नसते, म्हणून तो शेवटी.

बेर्था बेंझला याच दोन पहिल्या गोष्टींनी वाटेत अडवले होते. ऑगस्ट १८८८मध्ये ती नवऱ्याला न सांगता, ऑयगेन आणि रिचर्ड या मुलांना घेऊन, कार्ल बेंझची तीनचाकी मोटार मानहाइमहून फोर्झहाइमला घेऊन गेली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर. पेट्रोल पंप ही गोष्टच तेव्हा नव्हती, इंधन तिने विस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून घेतले. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे आवरण झिजले होते, तिथे पायमोज्याचा बंद गुंडाळला. कारखान्यापासून दूर, रस्त्याच्या कडेला केलेल्या ज्या दुरुस्त्यांची नोंद आहे, त्यांतल्या या अगदी आरंभीच्या. एक पेट्रोलची, दुसरी ठिणगीची.

पुढची पंचवीस वर्षे इंजिनीअरांनी याच दोन दुखण्यांवर खर्च केली. पेट्रोलचा बारीक फवारा हवेत मिसळणारा कार्ब्युरेटर विल्हेल्म मायबाखने १८९३मध्ये बनवला. रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात गोटलोब होनोल्डने १९०२मध्ये जास्त दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग आणला. फोर्डच्या मॉडेल ‘टी’मध्ये चार सिलिंडरांसाठी लाकडी पेटीत चार वेगळ्या कॉइल असत आणि प्रत्येक कॉइल गुणगुणत असे. १९०८ ते १९२७ या काळात अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. त्यांच्या मालकांना पेटीला कान लावून कोणती कॉइल नीट गुणगुणत नाही ते ओळखता यायचे. मिसफायर कानाने पकडण्याची सवय लागली ती इथे.

आपल्याकडच्या मालकांना पुढे जी रचना पाठ झाली, ती मात्र अमेरिकेत डेटन शहरातल्या चार्ल्स केटरिंगची. बॅटरी, एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर आणि त्यात उघडझाप करणारे पॉइंट. कॅडिलॅकच्या १९१०च्या गाड्यांत ती पहिल्यांदा आली. १९१२च्या कॅडिलॅकमध्ये त्याच केटरिंगने विजेवर चालणारा ‘सेल्फ’ दिला. त्याआधी इंजिन फिरवायचे ते हँडल मारून. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटे फिरे आणि हँडल हाताला झटका देई. मनगटाजवळ रेडियस हाडाचा तुकडा पडतो त्या मोडीला हाडांचे डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात.

सेल्फ आला म्हणून हँडल गेले नाही. अ‍ॅम्बेसेडरच्या पुढच्या बंपरला हँडलसाठी भोक होते, आणि महिंद्रांनी १९४७पासून मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीज जीपमध्येही ते होते. जीप चालवणारा जुना माणूस नव्याला पहिला धडा हँडलचाच देई: अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती वळवायचा नाही, आणि हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही. उलटा झटका आलाच तर हात सुटून जातो. बॅटरीवर विश्वास नसलेल्या देशात हे हँडल साठ-सत्तर वर्षे डिकीत राहिले. ते दुरुस्तीलाही उपयोगी पडे, कारण इंजिन हाताने हळूहळू हव्या त्या जागी आणता येई.

मुंबईत मोटारींचा धंदा आधी जोडणीचा होता. जनरल मोटर्सने १९२८मध्ये शिवडीला कारखाना काढला, तिथे परदेशातून पेट्यांत आलेले भाग जोडून गाड्या बाहेर पडत. गाडी इथेच घडवायची, हा हट्ट सोलापूरच्या वालचंद हिराचंदांचा. त्यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या सहकार्याने पहिली वाहने निघाली. पुढे फियाटशी करार झाला. १९५४मध्ये फियाट ११०० आली, १९६४मध्ये तिची ‘डिलाइट’ आवृत्ती आली, आणि सत्तरच्या दशकात तीच गाडी ‘पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसीचे, चार सिलिंडरचे. ते जवळजवळ त्याच रूपात शतक संपेपर्यंत चालत राहिले.

१९५३मध्ये टॅरिफ कमिशनने ठरवले की नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे जागा नाही, आणि जनरल मोटर्स व फोर्ड दोघांनीही गाशा गुंडाळला. उरल्या मोजक्या कंपन्या, मोजकी मॉडेले आणि गाडीसाठी वर्षानुवर्षांची नंबर-यादी. या धोरणावर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्तच आहे. पण त्याचा एक परिणाम असा की एकच इंजिन तीन पिढ्यांच्या हाताखालून गेले. काकांच्या फियाटवर शिकलेले पुतण्याच्या पद्मिनीवर जसेच्या तसे लागू पडे. इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. गाडीतले दुसरे काहीही न कळणाऱ्या माणसालाही हा आकडा पाठ असे, कारण प्लगच्या तारा काढून परत लावताना चुकले तर गाडी फटफट आवाज करून कार्ब्युरेटरमधून ज्वाळा फेकी.

सुटे भागही आता इथलेच होते. बॉशची भारतातली कंपनी मायको १९५१मध्ये बंगळूरला सुरू झाली आणि तिचे स्पार्क प्लग गावोगावच्या दुकानांत पोचले. (नाशिकच्या सातपूरमध्येही मायकोचा कारखाना आला, मायको सर्कलवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांना ते नाव आता चौकाचे म्हणूनच माहीत असेल.) डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो आणि सेल्फ मोटार मद्रासच्या लुकास-टीव्हीएसकडून येत. जुना भाग हवा असेल तर मुंबईत चोरबाजार होता, कुर्ल्याचा सीएसटी रोड होता. पुण्यात नाना पेठ.

गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर पहिला हात हॉर्नवर जाई. हॉर्न घोगरा वाजला, किंवा सेल्फ मारताच हेडलाइट विझत आले, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असे. त्यावर गरम पाणी ओतायचे, पॉलिश पेपरने शिसे घासून चकचकीत करायचे, पट्टी आवळायची आणि वर व्हॅसलीन चोपडायचे. अर्ध्या तक्रारी इथेच मिटत. जुन्या गाड्यांत डायनॅमो असे आणि इंजिन मंद फिरताना तो बॅटरीला जवळजवळ काहीच देत नसे. पावसाळ्यात संध्याकाळी दिवे आणि वायपर लावून दादर ते फोर्ट खोळंबत गेलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ उचलत नसे, ते यामुळे. मग हँडल, नाहीतर धक्का: दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून, शेजारपाजारच्यांनी ढकलायचे आणि वेग आला की क्लच सोडायचा.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, असे असेल तर ठिणगी. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली मधली जाड तार काढायची, तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटर दूर धरायचे, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. निळी, टचकन आवाज करणारी ठिणगी उडाली तर ठीक. पिवळट, अशक्त ठिणगी म्हणजे पॉइंट जळले किंवा कंडेन्सर गेला. काहीच नाही म्हणजे कॉइल, किंवा पॉइंटमध्ये कचरा. तार रबरी आवरणाला पक्कडीने धरायची, नाहीतर हजारो व्होल्टचा झटका धरणाऱ्यालाच बसे. तो एकदा बसला की माणूस जन्मभर सावध राही.

पॉइंट हा त्या यंत्रणेचा सगळ्यात कष्टकरी भाग. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरत असेल तर पॉइंट मिनिटाला ६००० वेळा, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा उघडतात. प्रत्येक उघडझापीत थोडे जळतात. एका बाजूला खड्डा पडतो, दुसऱ्या बाजूला टेंगूळ येते. पॉलिश पेपरची घडी मध्ये घालून ते साफ करायचे आणि मधली फट पुन्हा जुळवायची, साधारण ०.४ मिलिमीटर. त्यासाठी फीलर गेज असते, पण घरी ते असेलच असे नाही. मग व्हिजिटिंग कार्ड. प्लगची फट ०.६ मिलिमीटरच्या आसपास ठेवायची, तर त्यासाठी लोखंड कापायच्या करवतीचे पाते. त्याची जाडी जवळजवळ तेवढीच भरते. हे कुठल्या पुस्तकात वाचून कुणी करत नव्हते. एकाने दुसऱ्याला दाखवले आणि ते हातोहात गेले. त्यातली अचूकता मात्र खरी होती, आणि या कारागिरीविषयी आदर वाटतो तो त्यासाठी: वस्तू घरातली, माप कारखान्याचे.

टायमिंग लावणे हे त्यापुढचे. पॉइंट आणि बॉडी यांच्यामध्ये बारा व्होल्टचा छोटा बल्ब जोडायचा, इग्निशन चालू ठेवायचे, हँडलने इंजिन हळूहळू फिरवत पुलीवरची खूण जुळवायची आणि डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवत न्यायचा. बल्ब ज्या क्षणी पेटला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथे नट आवळायचा. मग गाडी चढावर नेऊन पाहायची. इंजिनाने खडखड केली तर ठिणगी फार लवकर पडते आहे, गाडी आळसावली तर फार उशिरा.

सुरू झालेली गाडी मिसिंग करत असेल तर शोध सिलिंडरगणिक. इंजिन मंद चालू ठेवायचे आणि प्लगची एकेक तार काढून पाहायची. तार काढताच आवाज आणखी अडखळला तर तो सिलिंडर नीट काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर आजारी तोच. त्याचा प्लग काढायचा आणि टोकाचा रंग पाहायचा. फिकट तपकिरी म्हणजे सगळे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा चोक अडकलेला. ओला, तेलकट काळा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्हमधून तेल वर येते आहे, खर्चाचे काम. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापते आहे. हे निदान इतके विश्वासार्ह की आजही ते तसेच शिकवले जाते.

प्लगचा स्वयंपाकघराशीही संबंध यायचा. दमट सकाळी चारही प्लग काढून तारेच्या ब्रशने घासायचे, स्टोव्हच्या किंवा गॅसच्या ज्योतीवर गरम करायचे आणि गरम असतानाच परत बसवायचे. ओल उडून जाते, साठलेले पेट्रोल जळून जाते, आणि पहिली ठिणगी पडायला सोपे जाते. हा नुसता समज नव्हता. ओल्या प्लगवरून वीज फटीतून उडी मारण्याऐवजी चिनी मातीवरून सरळ घसरून जाते.

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हा ठिणगीच्या परीक्षेचा काळ. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या आत वाफ धरते. टोपीला केसाएवढी चीर असेल तर त्यातून वीज वाट काढते आणि काळी रेघ उमटते, जणू कुणी पेन्सिलीने ओढली असावी. ती रेघ नखाने किंवा चाकूने खरवडून त्यावर नेलपॉलिशचा हात फिरवायचा; ते सुकले की विजेला वाट बंद. डबक्यातून गाडी गेली आणि बंद पडली तर टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली की बहुतेक वेळा काम होई. डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी बांधून फिरणाऱ्या टॅक्सीही होत्या.

ठिणगी चांगली, तरी गाडी पकडत नाही, तर मग पेट्रोल. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून इंजिन फिरवायचे आणि पंप पिचकारी मारतो का ते पाहायचे. नाही मारली तर पंपाचा पडदा फाटला, किंवा नळीत कचरा. पंप चालू आहे पण इंजिन भुकेले आहे, तर कार्ब्युरेटरचा जेट तुंबला. जेट काढून उजेडाकडे धरायचा आणि तोंडाने फुंकायचा. तार घालायची नाही, कारण ते भोक मापाचे असते आणि तारेने ते मोठे झाले की गाडी कायमची पेट्रोल जास्त पिते. चांगला मिस्त्री आणि घाईचा मिस्त्री यांत फरक इथे कळे. उलट, चोक ओढून ओढून सिलिंडर पेट्रोलने भिजवून ठेवले असतील, तर चोक आत ढकलून, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून, सेल्फ मारायचा. हवा आत जाते आणि जादा पेट्रोल उडते.

बोरघाटात एप्रिल-मेमध्ये वेगळाच प्रकार. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढते, इंजिन तापते, आणि इंजिनालाच चिकटवलेल्या पंपातले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पुढे सरकत नाही. गाडी दोन आचके देते आणि थांबते. उपाय म्हणजे ओले फडके. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून पंपावर ओला टॉवेल गुंडाळलेल्या फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर रांगेने उभ्या असायच्या. काही जण मुंबईहून निघतानाच पंपावर फडके बांधून निघत आणि घाटाच्या पायथ्याशी ते पुन्हा भिजवत.

पेट्रोल येत असूनही ते पेट्रोल नसण्याची शक्यता होतीच. रेशनच्या स्वस्त रॉकेलची भेसळ हा या देशातला जुना गुन्हा आहे. रॉकेल सहज उडत नाही, त्यामुळे गार इंजिन पेटत नाही. पेटले तर खडखडते, आणि प्लगवर काजळी धरते. फिल्टर पेपरवर नोझलमधून एक थेंब टाकायचा, तो उडून गेल्यावर डाग राहता कामा नये, ही साधी चाचणी पंपावर मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे आणि तो बजावायला हवा. भेसळीमागे किती पैसा आणि किती निर्दयपणा आहे, ते महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ला पाहिले. मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ ही चोरी पकडली आणि त्यांना तिथेच जाळून मारण्यात आले.

१४ डिसेंबर १९८३ला मारुती ८०० रस्त्यावर आली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, इंजिन आडवे बसवलेले. हँडल लावायला जागाच नाही. कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर तिच्यातही होते, त्यामुळे जुने ज्ञान चालत होते. पण गरज झपाट्याने कमी झाली. ती रोज सकाळी सुरू व्हायची. ज्यांनी वीस वर्षे पॉइंट घासले होते त्यांना याचे किती अप्रूप वाटले असेल, ते त्यानंतर जन्मलेल्यांना समजणे कठीण आहे. मिसिंग झाले तर मात्र तिसरा हिस्सा ताकद जायची आणि अख्खी गाडी थरथरायची.

खरा बदल घडवला तो हवेच्या प्रदूषणाच्या नियमांनी. चार महानगरांत १९९५पासून नव्या गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. शिशाचे पेट्रोल फेब्रुवारी २०००मध्ये देशभर बंद झाले. त्याच सुमारास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय आले: पेट्रोल किती द्यायचे आणि ठिणगी कधी पाडायची, दोन्ही आता संगणक ठरवू लागला. पॉइंट, कंडेन्सर, चोक, जेट हे शब्द दुकानांच्या फळ्यांवरून पुसले जाऊ लागले. मुंबईच्या टॅक्सींची कथा थोडी वेगळी झाली. न्यायालयाच्या आदेशांनंतर त्या सीएनजीवर गेल्या, आणि सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. जी जुनी तार आणि जो झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेत होता, तो सीएनजीवर लगेच मिसिंग करू लागला. पद्मिनीच्या अखेरच्या वर्षांत टॅक्सीवाले प्लगच्या तारांकडे इतके लक्ष देत, ते यासाठी.

जुन्या सवयीचा धोकाही याच काळात दिसला. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर टोपी पुसून सेल्फ मारायचा, ही पूर्वीची रीत. पण इंजिनात एअर फिल्टरमधून पाणी शिरले असेल तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही. पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी उभी असताना बुडाली तर इंजिन वाचवता येते, मालकाने सेल्फ मारला की मोडते. त्यानंतर दर पावसाळ्यात ‘बुडालेली गाडी सुरू करू नका’ ही सूचना येऊ लागली, आणि ती अक्षरशः पाळावी अशीच आहे. प्लग काढून पाणी बाहेर पडू देणे, तेल बदलणे, हे आधी, सेल्फ मग.

नव्या गाडीत चालू इंजिनाच्या प्लगची तारही ओढायची नाही. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते आणि तो वितळू शकतो, शिवाय वाट न मिळालेली वीज कॉइल जाळते. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला असेल तर गॅरेजपर्यंत जाता येते. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी.

हयात असलेल्या पद्मिनींपुढे आता दुसराच प्रश्न आहे, आणि त्यात वालचंद हिराचंदांचे दोन उद्योग समोरासमोर येतात. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला त्यांनी साखर कारखाना उभारला होता. आणि आता पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल काही प्रमाणात उसातूनही येते. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३पासून पंपांवर येऊ लागले. इथेनॉल हवेतली ओल शोषते, आणि जुन्या पंपाचा रबरी पडदा व नळ्या त्याच्यासाठी बनलेल्या नाहीत. महिनोन्‌महिने उभी राहणारी हौसेची फियाट सुरू होत नसेल तर ठिणगीच्याही आधी टाकीचा तळ पाहावा, अशी आता वेळ आहे. तिथे पाणी सापडते.

बाकीच्यांसाठी निदानाचे दार स्टिअरिंगखाली आहे. २०१०च्या एप्रिलपासून तेरा शहरांत, त्यांत मुंबई, पुणे आणि सोलापूर, बीएस-४ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्या नियमांबरोबर गाडीने स्वतःचे दोष नोंदवून ठेवण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने आली. थोड्या पैशांत मिळणारा रीडर तिथल्या सॉकेटमध्ये खोचला की मोबाइलवर कोड दिसतो. पी०३०० म्हणजे मिसफायर सगळीकडे फिरता आहे. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या क्रमांकाच्या सिलिंडरमध्ये. कोड पाहून लगेच नवी कॉइल विकत घेणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांचे पैसे वाया जातात, कारण यंत्र फक्त सिलिंडर दाखवते, कारण दाखवत नाही. कारण शोधायची पद्धत तार काढून पाहणाऱ्यांचीच आहे. समजा पी०३०२ आला आणि प्रत्येक सिलिंडरला आपापली कॉइल आहे. इंजिन बंद आणि गार असताना दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावायची, कोड पुसायचा, गाडी फिरवून आणायची. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बदलावी. पी०३०२च राहिला तर हीच अदलाबदल प्लगची करायची, आणि काढलेल्या प्लगचा रंगही पाहून घ्यायचा. त्यानेही कोड हलला नाही तर इंजेक्टर, आणि तोही निर्दोष निघाला तर दाब मोजावा लागतो. ते काम गॅरेजचे.